ल्युरीनबाई, मी आणि ते घडीचे टेबल

मित्रांनो, मी एक जुना, उभ्या बांध्याचा पियानो आहे. माझ्या लाकडाला तडे गेले, पट्ट्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या पिवळ्या झाल्या, पण माझा मत्सरी स्वभाव अजून नव्यासारखा आहे. मला वाटेकरी खपत नाही. माझी सगळी कहाणी या एका दोषाभोवती फिरते, म्हणून ते आधीच सांगून टाकले.

माझा जन्म ओहायोत, सिनसिनाटीच्या एका कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी एका हॉटेलात काढली. तिथे लोक माझ्यावर पेले ठेवत. मग मार्लो फेरी गावच्या ऑर्विल टॉलिव्हर यांनी मला आपल्या थोरल्या मुलीसाठी घरी आणले. ते पोलादाच्या भट्टीवर कामाला होते. संध्याकाळी हात स्वच्छ धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. त्यांची ती मुलगी म्हणजे ल्युरीन. तिने पहिल्यांदा माझ्या पट्ट्यांवर बोटे ठेवली, आणि मी ठरवले, ही माझी.

पण माणसे कुठे एकाची होऊन राहतात? ल्युरीन मोठी झाली, शिकवू लागली, अर्ध्या गावाची ‘बाई’ झाली. दर रविवारी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला जाई. तो ऑर्गन मी कधी पाहिला नाही, तरी त्याचे नाव निघाले की माझ्या तारा आवळून येत. पुढे तिला मुलगा झाला, अँब्रोज. त्याचाही मला राग आला होता. पण तो रांगत माझ्याजवळ आला, माझ्या पायाने दाबायच्या पेडलांवर गाल टेकून झोपला, आणि माझा राग गेला.

अँब्रोज मोठेपणी पियानो जुळवणारा झाला. तारा पिळायची लोखंडी किल्ली घेऊन तो गावोगाव जाई आणि उतरलेले स्वर जागेवर आणी. सगळ्यात आधी तो माझ्यावर शिकला, हे मी कधी विसरलो नाही. तो दुसऱ्या पियानोंकडे निघाला की माझा जळफळाट होई. परत आला की तो माझी एक पट्टी दाबून म्हणे, “काय म्हातारबा, रुसलास?”

त्या काळी शिकायला येणाऱ्या मुलांत हॅली नावाची एक मुलगी होती. तिचे वडील, क्लिफर्ड स्टॅनबरी, जिल्ह्याचे सरकारी वकील होते. शिकवणी संपेपर्यंत ते कोचावर पेपर वाचत बसत आणि जाताना आठवणीने म्हणत, “आभार, बाई.” आमच्याकडे कुणावर खटला भरायचा हे सरकारी वकील ठरवतो आणि तो लोकांच्या मतांवर निवडून येतो, पण त्यांच्याविरुद्ध कधी कुणी उभेच राहत नसे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ल्युरीनबाई एका लहान मुलीला शिकवत होत्या. दार उघडून त्यांची धाकटी बहीण मोझेल आत आली. मोझेल कधी गप्प नसते. त्या दिवशी मात्र तिने आत येताच मुलीसमोरचे पुस्तक मिटले.

“ताई, मुलीला घरी पाठव.”

“अजून वेळ आहे. काय झालं?”

“ताई, आधी तिला पाठव.”

अँब्रोज टेकडीवरच्या चर्चचा पियानो जुळवायला गेला होता. काम संपवून तो मागच्या दाराने बाहेर पडला. कुणा शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, की एक अनोळखी काळा माणूस हातात लोखंडी काहीतरी घेऊन चर्चभोवती फिरतोय. पोलीस आला. “हातातलं टाक!” असे ओरडला. अँब्रोज वळला. हातातली वस्तू कसली आहे हे तो सांगत होता, असे पाहणारी एक बाई पुढे म्हणाली. त्याचे वाक्य पुरे होण्याआधी गोळ्या सुटल्या.

हिवाळा संपता संपता स्टॅनबरी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहून टीव्हीवर बोलले. “अधिकाऱ्याला जिवाची भीती वाटली. ती भीती वाजवी होती. खटला भरण्यासारखं काही आढळलं नाही.” बस्स. ना न्यायाधीश, ना साक्ष. त्या पाहणाऱ्या बाईला कोर्टात कुणी बोलावलेच नाही.

ल्युरीनबाईंनी माझे झाकण लावले. ते बरेच दिवस उघडले नाही.

मग नदीपलीकडच्या जिल्ह्यातली बातमी आली. तिथेही एका तरुणाला पोलिसाने मारले होते, त्याच्याच अंगणात. पण तिथल्या सरकारी वकीलबाईंनी खटला भरला आणि तो पोलीस तुरुंगात गेला. मुलाची आई नेट्टी ग्रँडबेरी कोर्टातून बाहेर पडताना टीव्हीवर दिसली. लोक तिला मिठ्या मारत होते.

“ताई, बघ ना,” मोझेल म्हणाली, “कुठंतरी न्याय झाला.”

“बंद कर ते. नदी ओलांडली की न्याय मिळतो म्हणे. माझं पोर चुकीच्या काठावर मेलं.”

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे होते ते मी लगेच ओळखले. जन्मभर तेच तर मी माझ्या पोटात वागवले होते.

थोड्या दिवसांनी नेट्टी स्वतःच दारात उभी राहिली. हातात लिंबाचा केक होता. ल्युरीनबाईंनी तिला बसा म्हटले, पण केकला हात लावला नाही.

“तुम्हाला माझा राग येत असेल,” नेट्टी म्हणाली.

“राग नाही. हेवा वाटतो.” बाई म्हणाल्या. “तुमचा मुलगा गेला, आणि मला तुमचा हेवा वाटतो. बघा, माझी काय दशा झालीये.”

नेट्टीने खुर्ची जवळ ओढली. “वाटू दे. मला पण लोकांच्या जिवंत मुलांचा वाटतो. पण तो हेवा घेऊन घरात बसू नका. आमची वकीलबाई काही आभाळातून पडली नाही. आधीचा होता तो तुमच्या साहेबासारखाच. त्याला आम्ही मतं देऊन नाही, मतं काढून घेऊन घरी बसवलं. तुमच्याकडं त्याच्याविरुद्ध कोण उभं राहतं?”

“कुणी नाही. मतपत्रिकेच्या तळाला त्याचं एकट्याचं नाव असतं. मी तो रकाना कोराच टाकते.”

“कोऱ्या रकान्यानं त्याला काय फरक पडतो, बाई?”

केक मग दोघींनी मिळून खाल्ला.

आणि पुढच्याच आठवड्यात ते घरात आले. चर्चच्या तळघरातले घडीचे टेबल. प्लास्टिकचे, बेंगरूळ, त्याचे पायसुद्धा दुमडणारे. ज्याच्या अंगात सूर नाही, ज्याला स्वतःच्या पायांवर कायम उभे राहता येत नाही, त्याच्यासाठी मला बैठकीच्या खोलीतून हलवले! मला मागच्या बंद व्हरांड्यात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी लावले. मधले दार उघडे असले की मला ते टेबल दिसे. बाईंचे हात दिवसभर त्याच्यावर असत. त्याच्यावर कॉफीचे डाग पडत, निवडणुकीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनी ते झाकून जाई, आणि सगळे त्याच्याभोवती जमत. मी जळत होतो.

रोझालिन मेबरी नावाची एक वकील तिथे येऊ लागली. ती गरिबांचे खटले चालवी. स्टॅनबरींविरुद्ध निवडणुकीला उभे राहायला ती तयार नव्हती.

“मी हरले तर, बाई?”

“तर हरा. पण त्या तळाला त्याचं नाव एकटं नको.”

ल्युरीनबाई घरोघर जाऊ लागल्या. काहींनी दार उघडले नाही. काही आयांनी आपल्या मुलांची शिकवणी बंद केली. मशीनशेजारी का होईना, जी दोन-चार मुले माझ्याजवळ येऊन बसत, तीही गेली. त्याचाही राग मी टेबलावरच काढला. बाईंचे पाय सुजत. मोझेल गरम पाण्याची बादली आणून ठेवी आणि तोंड सोडी, “गुडघे साठीचे आणि चाल पोस्टमनची! घाल पाय त्यात.” शेजारचा ड्वेन क्रॅबट्री, भट्टीवरून निवृत्त झालेला गोरा म्हातारा, एक दिवस येऊन म्हणाला, “माझा भाऊ पोलिसात होता. त्याला वेळेवर जाब विचारणारं कुणी असतं, तर तो बरा पोलीस झाला असता. कुठल्या गल्लीला जायचं सांग.”

निवडणूक तोंडावर आली असताना स्टॅनबरी घरी आले. बैठकीत माणसे भरलेली होती, म्हणून बाई त्यांना मागे माझ्याकडे घेऊन आल्या. मला आनंद झाला. निदान हे भांडण टेबलाच्या वाट्याला गेले नाही.

त्यांनी मला ओळखले. “हा इथं ठेवलाय? थंडीनं खराब होईल.” झाकण उचलून त्यांनी एक पट्टी दाबली. मी जो आवाज काढला तो सांगण्यासारखा नाही. “स्वर पार उतरलाय, बाई.”

“जुळवणारा राहिला नाही, साहेब.”

त्यांनी बोट उचलले. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “मी कायद्याप्रमाणं वागलो. तुम्ही दारोदार मला खुनी म्हणत फिरता.”

“मी तसं कधीच म्हटलं नाही. मी एवढंच विचारते, की निकाल देणाऱ्या ज्युरीच्या बारा माणसांना ऐकू द्यायला काय हरकत होती? तुम्ही एकट्यानं ऐकलंत आणि एकट्यानं मिटवलंत.”

“रोज पोलिसांबरोबर काम करतो मी. त्यांच्यावर भरवसा ठेवल्याशिवाय एक खटला उभा राहत नाही.”

“ते मला समजतं. म्हणूनच तिथं दुसरं कुणीतरी हवं.”

“हॅलीला तुम्ही शिकवलंत, बाई.”

“गुणी पोरगी आहे. बाईंनी आठवण काढली म्हणून सांगा. झाकण लावा, साहेब.”

त्यांनी ते हळूच लावले आणि मागच्याच दाराने निघून गेले.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी संपली. मेबरी निवडून आली, अगदी थोडक्या मतांनी. बैठकीत आरडाओरडा झाला, कुणीतरी टेबलावर थापा मारल्या. ल्युरीनबाई त्यातून उठून माझ्याकडे आल्या. माझ्या झाकणावर कपाळ टेकून बसून राहिल्या. मला वाटले, अखेर ती परत आली. तेवढ्यात मोझेलने आतून हाक मारली आणि त्या उठून गेल्या.

पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. बाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी नेट्टी. ती पाहणारी बाई साक्षीला आली. अँब्रोजची किल्ली सगळ्यांसमोर ठेवली होती. मेबरीने पोलिसाला विचारले, “त्याच्या हातात काय होतं?” त्याने किल्लीकडे पाहिले. “आता दिसतंय,” तो म्हणाला, “तेव्हा दिसलं नाही.” बारा जणांनी त्याला निर्दोष ठरवले.

हे सारे मला मोझेलच्या तोंडून कळले. घरी आल्यावर तिने विचारले, “ताई, नेट्टीचा अजून हेवा वाटतो?”

“वाटतो,” बाई म्हणाल्या. “तिच्यासारखा निकाल मला नाही मिळाला. पण माझ्यादेखत त्याला विचारलं गेलं. एवढं तरी मिळालं.”

काही दिवसांनी मेबरी आली. मान वर करवत नव्हती तिला. “बाई, मी कमी पडले.”

“तुम्ही खटला भरलात. ते मी विसरणार नाही. पण तुमच्या ऑफिसनं मागितलेल्या जामिनाला पैसे नाहीत म्हणून पोरं तुरुंगात कुजतायत, तेही मला दिसतंय. पुढच्या निवडणुकीला मी पुन्हा दारं ठोठावणार आहे. तुमच्यासाठी की तुमच्याविरुद्ध, ते तुम्ही ठरवा.”

मेबरी हसली. बाई हसत नाहीत हे पाहून तीही गंभीर झाली आणि मान डोलावून गेली.

मला आता पुन्हा बैठकीत आणले आहे, पण कोपऱ्यात. मधली जागा त्या टेबलाची. टेकडीपलीकडच्या गावांतून लोक येतात, आपल्याकडच्या सरकारी वकिलाचे नाव सांगतात, आणि बाई त्यांच्यासमोर बसून ऐकतात. माझ्या वाट्याला चहानंतरची थोडी दुपार येते, तीही रोज नाही.

म्हणून, मित्रांनो, एका मत्सरी म्हाताऱ्याची विनंती ऐका. मोठे झालात की मतपत्रिका तुमच्या हातात येईल. वरची मोठी नावे सगळेच वाचतात. तुम्ही तळापर्यंत वाचा. कुणाला कोर्टापुढे उभे करायचे आणि कुणाला मोकळे सोडायचे, हे ठरवणाऱ्याचे नाव तिथे असते. ते नाव तिथे एकटे सोडू नका. तुम्ही ते काम नीट केले, तर म्हाताऱ्या आयांना सुजलेल्या पायांनी दारे ठोठावत फिरावे लागणार नाही. त्यांचे हात मोकळे होतील.

ते हात मला हवे आहेत. दुसऱ्या कुणालाही ते द्यायची माझी तयारी नाही.