चेंबरची राखाडी कड

घरजावई ही पदवी नव्हे, हे मला कुणी समजावून सांगायला नको. राहायला आम्ही वेगळे आहोत, पण दिवसभर मी सासऱ्यांच्या गॅरेजात राबतो, म्हणजे दिवसपाळीचा घरजावईच म्हणा. माझे हात कोपरापर्यंत काळे असतात, पुढ्यात इंजिन उघडलेलं असतं, तरी आत शिरणारं गिऱ्हाईक मलाच विचारतं, "उस्ताद आहेत का?" मी म्हणतो, आहेत. मग उस्ताद येतात, बॉनेटवर हात ठेवून ऐकतात, मी मघाशी सांगितलं तेच सांगतात, आणि गिऱ्हाईक समाधानानं मान डोलावतं.

उस्ताद म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि कितीही चिडले तरी अहो-जाहो सोडत नाहीत. एकदा जरी त्यांनी मला 'अरे गाढवा' म्हटलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं असं मला कधी कधी वाटतं. पण हे माझं नेहमीचंच. स्वतःच्या खापराला दुसऱ्याचं डोकं शोधायचं.

आमच्या गॅरेजात नियम एकच. ज्यानं बंद केलं त्यानंच उघडायचं. दुसऱ्याच्या हातचा बोल्ट सोडवायचा असेल तर आधी त्याला सांगायचं. मामांनी हा नियम मी कामाला लागलो तेव्हा सांगितला आणि स्वतः तो माझ्याबाबतीतही पाळला. मी लावलेला साधा हॉर्न उघडायचा असला तरी ते विचारत, "उघडू ना, जावईबापू?" मला उगाच संकोचल्यासारखं व्हायचं.

ज्या टॅक्सीवरून पुढचं सगळं झालं ती एका ताईंची, आणि त्या ती स्वतःच चालवतात. सकाळी शाळेची पोरं, मग दिवसभर सवाऱ्या. गाडी बंद म्हणजे घर बंद. गेल्या महिन्यात त्यांच्या गाडीचं ऑइल पॅन झिरपत होतं. ऑइल पॅनला आम्ही चेंबर म्हणतो. इंजिनाच्या बुडाशी बोल्टनं आवळलेलं हे पत्र्याचं खोलगट भांडं. सगळं ऑइल तिथं जमतं, आणि पंप ते एका जाळीतून ओढून वर पाठवतो. चेंबरच्या कडेला सीलंट लावून ते इंजिनाला चिकटवतात. मामा काळं सीलंट वापरतात आणि मुंगीनं चालत जावं एवढी बारीक रेघ ओढतात. मी राखाडी वापरतो, आणि सढळ हातानं. कमी पडण्यापेक्षा चार थेंब जास्त बरे, असं मी म्हणायचो. त्यावर मामा म्हणायचे, "बाहेर सांडलेलं दिसतं, जावईबापू. आत सांडलेलं दिसत नाही."

ते चेंबर मामांनीच बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते डोळे दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. ताई संध्याकाळी गाडी न्यायला येणार होत्या. मी सहज खाली डोकावलो, तर चेंबरच्या मागच्या कडेला ऑइलचा एक थेंब लोंबत होता. जुनं सांडलेलं ऑइल वरच्या पत्र्यावरून ओघळलं असेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला तो थेंब बघून, खरं सांगतो, आनंद झाला. उस्तादांचं काम गळतंय! मी मागच्या अर्ध्या भागाचे बोल्ट काढले, पुढचे सैल केले, चेंबर जरासं खाली ओढलं, काळी रेघ खरवडून टाकली आणि बोटभर जाड राखाडी सीलंट भरून सगळं आवळून टाकलं. मामांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली.

महिना झाला नाही तोच ताई गाडी टो करून घेऊन आल्या. ऑइलचा लाल दिवा लागत होता आणि इंजिनातून ठकठक येत होती. वर ऑइल पोचत नव्हतं. म्हणजे बहुतेक जाळी तुंबली होती, आणि जाळी कशानं तुंबली असेल हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्या माणसानं काय करावं? त्यानं ताईंना सांगितलं, "चेंबर मामांनी बंद केलं होतं."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला आम्ही सासरीच होतो. माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. डॉक्टरांनी मामांना मोतीबिंदू सुरू झालाय म्हटल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलेला. मी विषय काढला नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, "काम बारीक असतं गं, डोळ्यांवर ताण येतो त्यांच्या." पुढचं तिनं केलं.

"बाबा, पुरे आता. बसा ना निवांत. हे आहेत ना बघायला."

मामांनी ताट बाजूला सारलं. "मला दिसतं," ते म्हणाले. "उद्या ते चेंबर काढू. आत सीलंटचा तुकडा निघाला तर चूक माझी, त्या दिवसापासून मी पान्याला हात लावणार नाही. पंप आपला आपण गेला असेल तर मात्र तुम्ही दोघांनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बायको म्हणाली. मीही मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख उजाडलं होतं.

सकाळी मी सुचवलं की सरळ इंजिनच उतरवू आणि मोठ्या वर्कशॉपला पाठवून देऊ. तिथं तुकडा निघाला असता तर निदान माझ्या हातात निघाला नसता.

"इंजिन कशाला उतरवता?" मामा म्हणाले. "ताईंची गाडी आठवडाभर अडकेल. इंजिन जागेवर ठेवून चेंबर निघतं. वरून मी धरतो, खालून तुम्ही सोडवा."

मग आम्ही गाडी पिटवर, म्हणजे आत उतरून खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. बॅटरीची वायर काढली, ऑइल सोडलं. ते अगदी साधं, काळं ऑइल होतं, मला त्याच्याकडे बघवेना. सायलेन्सरचा पुढचा पाइप उतरवला. मामांनी इंजिनवर आडवा लोखंडी बार टाकला, दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे दिले आणि साखळीचा हूक इंजिनला अडकवला. इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या माउंटिंगचे बोल्ट मी काढल्यावर त्यांनी बारचा स्क्रू फिरवत इंजिन वर उचललं, जेमतेम दोन बोटं. खालचा आडवा पत्रा मी सैल करून लोंबता ठेवला. लागेल तो सॉकेट मी मागायच्या आत वरून हातात यायचा.

चेंबरचे बोल्ट एकेक करत निघाले. मागचे दोन गिअरबॉक्सच्या आडोशाला असतात, हाताला लागतात पण दिसत नाहीत. लांब दांडी लावून तेही काढले. तरी चेंबर हलेना. रबरी हातोडीनं ठोकलं, तर पुढची बाजू लगेच सुटली. मागची घट्ट. पातळ पातं घालून मी ती कापत गेलो आणि पात्याबरोबर राखाडी साल बाहेर येत गेली. मी ती खिशात कोंबली.

चेंबर खाली आलं आणि मध्येच अडकलं.

"क्रँकचं वजन आडवं येतंय," मी ओरडलो.

"फिरवतो. सांगा कुठं थांबायचं."

वरून त्यांनी पुलीला पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हळूहळू फिरवला. "अजून... अजून थोडं... बस." चेंबर तिरकं करून मी बाहेर काढलं आणि समोर जाळी आली. तिच्या तोंडाशी राखाडी सीलंटचा गोळा बसलेला होता, चघळून थुंकलेल्या च्युइंगमसारखा.

मी तो नखानं ओढून काढला आणि मूठ मिटली.

"जाळी बघा," मामा वरून म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. सत्तरीला टेकलेला माणूस, पण रिझल्टच्या दिवशी पोरं बोलतात तसा बोलला.

एकच वाक्य पुरलं असतं. जाळी साफ आहे मामा, पंप गेलाय. ते खूश, मी मोकळा, नियम कुणी मोडलाच नाही. नवा पंप मी पदरचा बसवला असता. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी सरळ वागावं. माणसाला सरळ वागायची हुक्की कधी यावी याला काही ताळतंत्र नसतं.

मी पिटमधून वर आलो आणि मूठ उघडली.

"मामा, हे निघालं. हे माझं आहे."

त्यांनी चष्मा वर केला, गोळा बोटांत घेतला. "राखाडी," ते म्हणाले.

"हो. तुम्ही डॉक्टरकडे गेला होता त्या दिवशी मी मागची बाजू उघडली. एक थेंब दिसला म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही. तुमची रेघ खरवडून मी माझं सीलंट भरलं. ताईंच्या इंजिनाची वाट मी लावली, आणि नाव तुमचं घेतलं." मला वाटलं, आता ते मला अरे म्हणतील, निदान एक ठेवून देतील, आणि मी सुटेन.

मामांनी चेंबर मागितलं. बाकावर ठेवून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पुढे काळी बारीक रेघ, मागे राखाडी ओबडधोबड थर.

"अर्धं काळं, अर्धं राखाडी," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे मध्येच तुमची ट्यूब उचलली मी, आणि मला कळलंसुद्धा नाही."

"अहो नाही! मी उघडलं होतं. मी!"

"जावईबापू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं झाली. मला न सांगता माझं काम उघडाल, असे तुम्ही नव्हेत."

"तसाच आहे मी!" मी खरंच ओरडलो. खिशातली साल काढून बाकावर आपटली. "तुम्हाला रंग दिसतोय ना? आत्ता तुम्हीच म्हणालात राखाडी. मग तेव्हा कसा दिसला नसता?"

"आता उजेडात दिसतोय. तेव्हा खाली दिसला नसेल." ते हसले. "थर बघा ना कसा आहे, आंधळ्यानं लिंपल्यासारखा. माझी पोरगी बरोबर म्हणत होती. तुम्ही मला सांभाळून घ्यायला बघताय, मला कळतंय. पण सासऱ्यासाठी कुणी एवढं खोटं बोलतं का?"

दुपारी ताई आल्या. मी त्यांनाही सांगितलं, मामांच्या समोर, अगदी पहिल्या बोल्टपासून. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी हलकेच नकारार्थी मान हलवली. मग त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "असा जावई मिळायला नशीब लागतं हो उस्ताद." बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "मला वाटायचं तुला बाबांचा राग येतो."

जितकं खरं सांगावं तितका मी चांगला ठरत होतो. खोटं बोललो असतो तर मामा उद्याही कामावर आले असते.

एक बेअरिंग घासलं होतं, ते खालूनच बदलता आलं. संध्याकाळपर्यंत चेंबर मी बसवलं. मामा बाकावर बसून राहिले. कुठला सॉकेट हवा ते मला मागावं लागलं. काम झाल्यावर शटर मी ओढलं, कुलूप मी लावलं.

गॅरेजसमोरचा रस्ता मामा रोज एकटेच ओलांडतात. ट्रक असो, बस असो, हात वर करून सरळ चालू लागतात, आणि मी मागून धावत येतो. आज ते कडेला थांबले. रस्त्यावर उजेड होता, गाड्याही तुरळक होत्या. त्यांनी माझा दंड धरला.

"न्या मला," ते म्हणाले.