हंगामी अन्नमंत्री

कुवेतची संसद बरखास्त झाली तेव्हा रुमैथियातल्या त्या घरात दोघांचं नुकसान झालं. बाबांची खासदारकी गेली आणि महादेवचं सुख. बाबा म्हणजे घराचे मालक. कुवेतात नोकरमाणसं मालकाला बाबाच म्हणतात, मग तो वयाने धाकटा का असेना. महादेव त्यांचा स्वयंपाकी, मूळचा कुडाळचा.

बाबांना मंत्र्यांना धारेवर धरायची सवय. सुरुवातीला त्यांनी टीव्हीला धारेवर धरलं. टीव्ही काही राजीनामा देईना. मग त्यांनी पाहुण्यांच्या बैठकीत, म्हणजे दिवानियात, सगळ्या नोकरांना गोळा केलं.

"आजपासून या घरात लोकशाही सुधारणा! देशाला जमलं नाही ते आपण करू!"

ड्रायव्हर सर्फराज आणि माळी फारूक खासदार झाले. महादेव अन्नमंत्री. सभापती, विरोधी पक्षनेता आणि राष्ट्रप्रमुख ही किरकोळ कामं बाबांनी स्वतःकडे ठेवली.

नेमका तेव्हाच गावाहून बायकोचा फोन. लेकीचा, तेजस्वीचा, साखरपुडा ठरला होता.

"तुमी येतलास मा?" नर्मदाने विचारलं.

"येतलंय म्हणजे काय! बापूस मी तिचो."

एरवी रजेचं काम सोपं असायचं. चहा देताना विचारायचं, बाबा "यल्ला, जा" म्हणायचे, विषय संपला. हुकूमशाहीचे दिवस ते. आता बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मंत्र्याला देशाबाहेर जायचं तर सभागृहाची संमती लागते. विधेयक आण."

महादेवने आणलं. विधेयक समितीकडे गेलं. समिती म्हणजे फारूक. अभ्यास नीट व्हावा म्हणून समितीने रोज कोळंबीचं सार मागितलं, ते मिटक्या मारत ओरपलं आणि शिफारस केली, की असा मंत्री देशाबाहेर जाऊ देणं राष्ट्रहिताचं नाही.

"मेल्या, घशात काटो अडकांदे तुझ्या," महादेव म्हणाला. कोळंबीला काटा नसतो, हे त्याला नंतर आठवलं.

सर्फराजला मात्र दया आली. "महादेवभाई, मंत्री छुट्टी पे नहीं जा सकता. निकाला हुआ मंत्री जा सकता है ना!"

दुसऱ्या दिवशी महादेवने आयुष्यात पहिल्यांदा ठरवून भात करपवला. भात करपताना त्याला बघवेना, म्हणून तो पाठ करून उभा राहिला. दिवानियात सर्फराजने अविश्वास ठराव मांडला. त्याचं भाषण इतकं रंगलं की जुने रस्से आठवून फारूकचे डोळे भरून आले आणि त्याने ठरावाला पाठिंबा दिला. महादेवही स्वतःविरुद्ध मत द्यायला तयार होता. बहुमत स्पष्ट होतं.

बाबा उठले. चेहरा उजळलेला. कित्येक आठवड्यांनी त्यांना खरी संसद भेटली होती.

"सरकार पाडायचा कट! सभागृह बरखास्त! सुधारणा स्थगित!"

"म्हणजे मी सुटलो?" महादेवने विचारलं.

"कसा सुटशील? पुढची व्यवस्था होईपर्यंत तू हंगामी मंत्री."

"मग रजा?"

"रजा मंजूर करणार कोण? सभागृह आहे कुठे?"

महादेवने मनातल्या मनात मालवणीत काही दुरुस्त्या सुचवल्या. त्या कामकाजातून वगळल्या आहेत. पासपोर्ट बाबांच्या कपाटात होता आणि बाबा स्वतः कपाटासारखे दारात उभे होते.

साखरपुडा त्याने स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून बघितला. मांडवात तिकडे मोठा पडदा लावलेला, त्यावर महादेव. भटजींनी अंगठ्या मागितल्या, तेजस्वीने मोबाईलकडे बघत हात पुढे केला, आणि बाबा आत आले. समोर एवढा मोठा जमाव बघून त्यांना राहवलं नाही. महादेवला कोपराने बाजूला सारून ते फोनसमोर उभे राहिले आणि लोकशाहीवर बोलू लागले. अरबीत.

"ह्यो कोण?" नवऱ्यामुलाच्या वडिलांचा आवाज आला.

"ह्यांचे शेठ," नर्मदा म्हणाली. "तिकडचे पुढारी."

"दिसतत तसे."

महादेव बाबांच्या पाठीमागून ओरडला, "ज्यांका वाटता ह्या भाषण बंद होवक व्हया, त्यांनी हात वर करा!"

अख्ख्या मांडवाने हात वर केले. भटजींनीही केले, पळीपंचपात्र हातात धरून. त्या घराच्या इतिहासातला हा पहिला एकमताने झालेला ठराव.

एवढे हात बघून बाबा गहिवरले. त्यांनीही हात उंचावून अभिवादन केलं आणि मूळ मुद्द्याकडे वळले. अंगठी कधी घातली गेली, ते महादेवला दिसलं नाही.