चाळिशी आणि कवळी

"सावकाश! आधी ते स्टूल बाजूला घ्या," वहिनी ओरडल्या, पण तोवर लॉन्ड्रीवाल्यांचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलंच होतं.

त्यांनी हातातली वस्तू मात्र सोडली नाही. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला त्यांचा जुना कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर अलगद टेकवला आणि मगच कोपर चोळलं.

"बायकोला दवाखान्यात नेतानाही इतकं जपलं नव्हतं."

"सांगू का त्यांना?" गाण्याच्या बाईंनी विचारलं. त्यांचे स्वतःचे दोन कॉम्प्युटर सकाळीच येऊन शेजारी बसले होते.

ही चष्म्याच्या दुकानामागची, काचा घासायची खोली. दुकान वहिनींचं. त्यांचा दीर, जो धंद्याने वायरमन होता, त्यांना वहिनी म्हणे. त्याचं ऐकून लॉन्ड्रीवाले म्हणू लागले, मग गाण्याच्या बाई, आणि पुढे गिऱ्हाइकंसुद्धा. आत्ता दीर टेबलाखाली आडवा झाला होता आणि फक्त त्याचे पाय दिसत होते.

"या खोलीला वेगळी लाइन दिलीय," पायांच्या पलीकडून आवाज आला. "आता कुणी मिक्सर लावला म्हणून काही बंद पडणार नाही."

लॉन्ड्रीवाल्यांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या घरी हेच व्हायचं. कॉम्प्युटर कामाला लागला, की बायको बटण बंद करी. "रिकामा कसला फिरतोय," म्हणे. रिकामा तो नव्हताच. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एका आजारावर औषध शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना अवाढव्य गणितं करायची होती. त्या गणितांचे तुकडे पाडून ते ठिकठिकाणच्या हौशी लोकांना पाठवत. घरचा कॉम्प्युटर मोकळा असेल तेव्हा तो आपला तुकडा सोडवून परत पाठवी आणि त्याचे गुण मिळत. या चौघांची टीम होती, आणि दुकानाला शोभेलसं तिचं नाव होतं 'चाळिशी'. गुणांच्या यादीत चाळिशी नेहमी तळाशी असे. कुणाचा कॉम्प्युटर तापे, कुणाचं इंटरनेट जाई, कुणाची बायको बटण दाबी. शेवटी वहिनींनीच ठरवलं, की सगळ्यांची यंत्रं एका छताखाली आणायची.

यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे कवळी.

कवळी हे दुसऱ्या गावातल्या एका वृद्धाश्रमातल्या आजींनी स्वतःच घेतलेलं नाव. त्यांच्या टीमचं नाव 'निवांत', आणि यादीत ती चाळिशीच्या एकच पायरी वर असे. वेबसाइटवरच्या चाळिशीच्या पानावर या आजी न चुकता एखादा टोला हाणून जात. "चाळिशीनंतर कवळीच येते, पोरांनो. मी वाट बघतेय." वहिनी ते मोठ्याने वाचून दाखवत, सगळे खोखो हसत आणि मग उत्तर काय द्यायचं यावर चहा गार होईपर्यंत चर्चा चाले.

आता वर्षातला स्पर्धेचा आठवडा लागला होता. रविवार संध्याकाळपर्यंतचे गुण मोजले जाणार होते.

दिराने खटका दाबला. एकेक पंखा घरघरू लागला. गाण्याच्या बाईंनी मान वाकडी करून कान दिला.

"लॉन्ड्रीवाल्यांचा जरा बेसूर आहे."

"मालकावर गेलाय," टेबलाखालून आवाज आला.

तो आठवडा कसा उडून गेला कळलं नाही. चष्म्याच्या दुकानात एकाएकी वर्दळ वाढली, पण चष्मा कुणालाच नको होता. लॉन्ड्रीवाले कपड्यांचं बोचकं खांद्यावर घेऊनच आत डोकावत. गाण्याच्या बाई दोन शिकवण्यांच्या मधे येऊन टेबलावरची धूळ झटकत. खोली इतकी ऊबदार झाली, की लॉन्ड्रीवाल्यांनी मागे एक दोरी बांधून गिऱ्हाइकांचे मोजे वाळत घातले. वहिनींनी डोळे वटारले, पण मोजे राहिले. चाळिशी रोज वर सरकत होती. शुक्रवारी ती निवांतच्या इतकी जवळ पोचली, की कवळीने लिहिलं, "मागे कुणाचे तरी श्वास ऐकू येताहेत. धाप लागलीय वाटतं."

शनिवारी दुपारी मात्र निराळाच मजकूर आला. वहिनींनी तो वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज उतरला.

"आमच्या हॉलचं वायरिंग जळलं. माणसं ठणठणीत आहेत. मशिनं बंद. वायरमन सोमवारी येणार. स्वयंपाकघरातल्या प्लगवर एकच चालू आहे, त्याने काही होत नाही. आमच्या हॉलमधली मंडळी रोज संध्याकाळी आकडा बघायला जमत होती, ती आज पत्ते खेळताहेत. तुम्ही जिंका. पण दया म्हणून कुणी हळू चालवलं, तर गाठ माझ्याशी आहे."

पंखे घरघरत राहिले.

"बरं," दीर म्हणाला, "आपण काही कुणाचं वायरिंग जाळलेलं नाही."

"छे छे," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

"त्यांनी स्वतःच सांगितलंय, जिंका म्हणून," गाण्याच्या बाई म्हणाल्या आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागल्या.

त्या संध्याकाळी प्रत्येकाला मागच्या खोलीत काहीतरी काम निघालं. गाण्याच्या बाईंची छत्री राहिली होती. लॉन्ड्रीवाल्यांना मोजे काढायचे होते. दिराला एक प्लग सैल वाटत होता. सगळे गेल्यावर दुकान बंद करायच्या आधी वहिनी आत गेल्या, आपल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी टीमच्या चौकटीतलं 'चाळिशी' पुसून तिथे 'निवांत' लिहिलं. आपल्या एकटीचेच तर गुण तिकडे जातील, त्यांनी मनाशी म्हटलं. बाकीच्यांना कळायचंही नाही. तरी बाहेर पडताना त्यांनी दार असं हळूच लोटलं, जसं काही आत कुणी झोपलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी आकडे उघडले आणि त्या उडाल्याच. चाळिशी जागची जेमतेम हलली होती. निवांत मात्र सुसाट पुढे गेली होती.

लाइन गेली असणार! वहिनी तशाच मागे धावल्या. खोली ऊबदार होती, सगळे पंखे सुरू होते. त्यांनी लॉन्ड्रीवाल्यांचा पडदा उजळला. चौकटीत लिहिलं होतं, निवांत. गाण्याच्या बाईंचे दोन्ही पाहिले. निवांत, निवांत. दिराच्या कॉम्प्युटरवरही निवांतच, फक्त घाईत पुढे एक मोकळी जागा पडली होती.

मंडळी जमली तेव्हा वहिनी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"कुणी केलं हे?"

लॉन्ड्रीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. दीर प्लगकडे बघू लागला. गाण्याच्या बाईंनी मात्र पुढे होऊन वहिनींचाच पडदा उजळला, चौकट वाचली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

आधी कोण हसलं ते कुणालाच आठवत नाही. लॉन्ड्रीवाले हसता हसता स्टुलावर बसले आणि स्टुलासकट कलंडले.

"अहो, पण सगळ्यांनीच कशाला?" ते जमिनीवरूनच म्हणाले. "एक तरी आपला ठेवायचा! म्हातारीला संशय येईल."

"थांबा," दीर म्हणाला. हसू त्याच्या चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं होतं. "आपण सगळेच तिकडे गेलो, तर रात्रीतून चाळिशी थोडीतरी हलली कशी?"

वहिनींनी चाळिशीच्या सदस्यांची नावं उघडली. चौघांची जुनी नावं होतीच. खाली पाचवं होतं, कालच दाखल झालेलं. कवळी.

स्वयंपाकघरातल्या प्लगवरचा तो एकुलता एक कॉम्प्युटर रात्रभर चाळिशीसाठी राबत होता.

गाण्याच्या बाईंनी पदराने चष्मा पुसला. कुणी काही बोलायच्या आत वहिनींनी लिहिलं, "पत्ता द्या. आमच्याकडे वायरमन आहे."

उत्तर लगेच आलं. "वायरमन एकटाच येणार का?"

लॉन्ड्रीवाले गाडी काढायला कधीच बाहेर पडले होते.

संध्याकाळपर्यंत दिराने हॉलची निम्मी भिंत उकरून नवी वायर ओढली. वहिनी भिंगांचा पेटारा उघडून म्हाताऱ्यांचे डोळे तपासत बसल्या, गाण्याच्या बाईंना तर पेटीपासून कुणी उठूच देईना. कवळी अंगाने काटकुळ्या निघाल्या, आणि तोंडात सगळे दात स्वतःचे. दिराच्या शिडीखाली उभ्या राहून त्या सूचना देत होत्या. निकाल पाहायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. बऱ्याच वेळाने कळलं, की कुठल्याशा शाळेतल्या मुलांची नवीनच टीम दोघींनाही मागे टाकून गेली होती. त्यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

दिराने खटका दाबला. हॉल उजळला, यंत्रं सुरू झाली. पहिल्या यंत्रावर गणितांचा प्रोग्रॅम नव्याने टाकावा लागला. कवळी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि भराभर चौकटी भरत गेल्या. टीमच्या नावाशी मात्र त्यांची बोटं थबकली.

त्यांनी मागे वळून पाहिलं. वहिनी, त्यांच्यामागे लॉन्ड्रीवाले, शिडीवर दीर, पेटीवर हात ठेवून गाण्याच्या बाई, आणि पत्ते खाली ठेवून आलेली सगळी मंडळी.

"सांगा," त्या म्हणाल्या, "काय लिहू?"