अठ्ठेचाळीस सेकंदांची विचारपूस

पाय दुसऱ्याच्या पोराचा गेला असेल आणि आपलं पोरगं कोठडीत असेल, तर बापाने त्या घरी जाऊन दाराजवळ बसायचं, मान खाली घालायची आणि तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते रदबदलीला आणलेल्या वजनदार माणसांनी. अरबांच्या मादबा शहरात या शिष्टमंडळाला जाहा म्हणतात. नहारनेही जाहा आणली होती आणि तो दाराजवळ बसला होता. बत्तीस वर्षं बस चालवून झिजलेली पाठ भिंतीला टेकवायचीही त्याची हिंमत होत नव्हती.

चाळीस दिवसांपूर्वी त्याच्या मुलाने, मुअताजने, पावाच्या गाडीने वळणावर एका मोटारसायकलला उडवलं. मोटारसायकलवर या घरचा रकान होता, वय चोवीस. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. आता रकानच्या घरच्यांनी तक्रार मागे घेतल्याची सही केली तर मुअताज घरी येणार होता. नाही केली तर तो आत किती दिवस सडेल ते कुणीच सांगत नव्हतं.

जाहाचा म्होरक्या सत्ताम बेग, माजी खासदार, मधोमध बसला होता. त्याच्यापुढे वेलचीच्या कडू कॉफीचा पेला ठेवलेला होता. यजमान 'मागितलं ते दिलं' म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. सत्ताम बेगचा भाचा समोर गुडघ्यावर बसून चित्रण करत होता. बेग बोलत होता ते यजमानाशी नव्हे, त्या मोबाईलशी. दोनदा तर भाच्याने 'मामा, परत एकदा, मघाशी कुणीतरी खोकलं' म्हणून थांबवलं, आणि बेगने दया, क्षमा आणि शेजारधर्म पुन्हा पहिल्यापासून सांगितला. उरलेले पस्तीस जण आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून बसले होते. लाजेने मान खाली घातलेला त्या दिवाणखान्यात एकटा नहारच होता, पण कुणी पाहिलं असतं तर त्यांच्यातलाच एक वाटला असता.

रकानचा बाप अव्वाद म्हणाला, "बेग, तुमचं येणं आमच्यासाठी मानाचं. पण शब्द द्यायचा माझ्या थोरल्या भावाने, हायिलने. तो कुवेतला आहे. त्याला लावतो."

मोबाईल कागदी रुमालांच्या खोक्याला टेकवला गेला. पडद्यावर एक कपाळ आलं आणि वर फिरणारा पंखा.

"दिसतोय का मी?"

"कपाळ दिसतंय, दादा. जरा खाली घ्या."

"आता?"

"आता दाढी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हायिल तसाच दाढीतून गरजला, "माझ्या पुतण्याचा पाय तुटला आणि या नहारने विचारपूस कशी केली? मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून! असा माणूस आमच्या उंबऱ्यात बसतो? तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आवाज पाठवला?"

हे कोण बोलत होतं? स्वतः चाळीस दिवसांत एकदाही इकडे न फिरकलेली एक दाढी. नहारला चीड यायला हवी होती. आली नाही. चाळीस दिवसांत त्याच्यातलं सगळं आटून गेलं होतं. आणि हायिल खोटं बोलत नव्हता.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नहार इस्पितळात निघाला होता, बूट घातले होते. चुलतभाऊ आडवा आला. 'वेडा आहेस का? मध्ये माणसं घालून आधी शांततेची मुदत घ्यायची असते. त्यांचं रक्त तापलंय, फाडून खातील. मोबाईलवर बोलून पाठव, तेवढं पुरे.' नहारने स्वयंपाकघरात उभं राहून अकरा वेळा रेकॉर्ड केलं. बारावं अव्वादला पाठवलं. अठ्ठेचाळीस सेकंद. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ते अठ्ठेचाळीस सेकंद पुढे कुणीतरी त्यांच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकले, दीडशे लोकांनी ऐकले, आणि ह्याच्या आवाजात दुःख नाही असा निवाडा देऊन टाकला. दीडशे न्यायाधीश, आणि त्यांतल्या एकानेही जखमी पोराला जाऊन पाणी पाजलेलं नव्हतं.

"आणि म्हणून मी ठरवलंय की..." हायिल म्हणाला, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजला.

"दादा? दादा!"

"नेट गेलं."

"गच्चीवर मिळतं. तिकडे न्या."

मोबाईल पुढे, जाहा मागे. भाचाही धावला, निकालच निसटला तर चित्रणाला काय अर्थ? सगळे जिना चढून गेले. दिवाणखान्यात दोन बाप उरले. वरून 'हॅलो, हॅलो' ऐकू येत राहिलं.

अव्वाद म्हणाला, "का आला नाहीस?"

नहारने बोलायचं नव्हतं. तो बोलला. "मारतील म्हणाले."

"मारलंच असतं. माझ्या भावांनी दोन-चार ठेवून दिल्या असत्या. मग मीच सोडवलं असतं तुला, आणि मग दोघं बसून रडलो असतो. आज ही वरात आणावी लागली नसती."

"अकरा वेळा रेकॉर्ड केलं, अबू रकान," नहारने त्याला रिवाजाप्रमाणे 'रकानचा बाप' म्हणून हाक मारली. " दरवेळी आवाज फाटत होता, म्हणून पुसत गेलो."

"मी ऐकलं ना. मध्येच भांडं वाजलं तुझ्या घरात. म्हटलं, माझ्या पोराला सुरीखाली घेतलंय आणि ह्यांची जेवणं चाललीत."

"बायकोच्या हातून पातेलं पडलं. रडत होती ती."

"ते कुठून ऐकू येणार?"

"नाही येत."

अव्वाद गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल आत. मला नको सांगूस, त्याला सांग."

आतल्या खोलीत रकान पलंगावर होता. कानांत इअरफोनची बोंडुकं, तोंडासमोर मोबाईल. नहार कडेला उभा राहिला आणि चाळीस दिवस साठवलेलं सगळं बोलला. कोठडीतल्या पोराबद्दल, पायाबद्दल, आपल्या भित्रेपणाबद्दल. दम लागला तेव्हा थांबला.

रकानने एक बोंडूक काढलं. "काय म्हणालात, काका?"

नहारला खालीच बसावंसं वाटलं. तो पलंगाच्या कडेला बसला. "मी यायला पाहिजे होतं, बाळा. आलो नाही. घाबरलो." या वेळी एवढंच निघालं.

रकानने मोबाईल पालथा ठेवला. चेहरा रोडावला होता, दाढी वाढलेली. "तुमचा मुलगा काय करतो आत? मोबाईल देतात?"

"नाही. भिंतीकडे बघतो म्हणाला."

"मी ह्या मोबाईलकडे बघतो. एकच." तो कोपरांवर जरा उठून बसला. "मोटारसायकल अंगावर पडली होती ना, तेव्हा सगळे उभे राहून चित्रण करत होते. तुमच्या मुलाने एकट्याने ती उचलली. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. हे कुणी विचारलंच नाही मला." त्याने बापाकडे पाहिलं. "सुटला की पाठवा त्याला. एकट्याला. ही जत्रा नको."

वर हायिलचा आवाज आला, तुटला, पुन्हा आला. कुणीतरी ओरडलं, "दादा, 'नाही' म्हणालात की 'काही'?"

अव्वाद दाराच्या चौकटीला टेकला होता. "उद्या सकाळी जाऊन सही करतो," तो म्हणाला. "पोराचा बाप मी आहे. हायिलला सांगेन. आत्ता नको. आत्ता कुणालाच काही ऐकू येत नाहीये."