निडीचा मागचा दरवाजा

मी एक मागचा दरवाजा बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. पुढच्या दरवाजाला तोरण असतं, नावाची पाटी असते. माझ्या वाट्याला यातलं काही नाही. मला तर उघडताही येत नाही.

कारण मी लाकडाचा नाही. कॉम्प्युटरवर आगगाडीचा एक खेळ असतो. माणूस घरात खुर्चीवर बसून इंजिन चालवतो, आणि पडद्यावर रूळ, स्टेशनं, झाडं, घरं मागे पळतात. त्या खेळात पेण ते रोहा असा एक मार्ग आहे. नागोठणं सोडलं की निडी स्टेशनाच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला एक कौलारू घर लागतं. त्या घराच्या मागच्या भिंतीवर मी आहे. निळा. खालून रंग उडालेला. शेजारी पाण्याचं पिंप, पिंपावर पालथं पातेलं.

मला घडवलं प्रणिताने. ती निडीचीच. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. रोज गाडीने जाते-येते. गणपती गेले की काही दिवस कारखान्यात काम थोडं असतं. त्या दिवसांत भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून तिने हा मार्ग बांधला. लोक घर बांधताना पाया खणतात. हिने रूळ टाकले आणि रुळाच्या कडेने गाव चिकटवत गेली.

सुरुवातीला पंचाईत झाली. खेळाबरोबर जी झाडं मिळाली ती सगळी थंड मुलखातली. वाटेवरच्या कासू गावच्या शेतात टोकदार, बर्फातली झाडं उभी राहिली. तिची आई म्हणाली, "हे काय गो? कासूला कवा बर्फ पडला?" मग प्रणिताने स्वतः आंबा, साग, शेवगा रंगवले. खेळातलं झाड म्हणजे दोन कागद एकमेकांत आडवे-उभे घुसवलेले. पण गाडीतून बघणाऱ्याला तो आंबाच वाटतो.

घरांचंही तसंच. गाडीतून जेवढं दिसतं तेवढंच बांधायचं. माझ्या घराला दोन भिंती आहेत. आत स्वयंपाकघर नाही, चूल नाही, माणूस नाही. ज्या भिंती रुळाकडून दिसतात, त्यांचे फोटो प्रणिताने गाडीच्या खिडकीतून काढले आणि चिकटवले. फोटो काढला तेव्हा खरा दरवाजा बंद होता, म्हणून मी बंद. माझी तक्रार नव्हती. दरवाजाने बंद असावं. उगाच उघडझाप करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

मार्ग पुरा झाला आणि प्रणिताने तो, गाडीच्या व्हिडिओसकट, गावाच्या ग्रुपवर टाकला. गावातल्या नितेशच्या दुकानात मोबाईलभोवती गर्दी झाली. "आली, आपली निडी आली!" सगळे खूश. मग हळूहळू चेहरे उतरले. निडीची घरं रस्त्याकडे तोंड करून आहेत आणि रुळाकडे पाठ. गाडीतून दिसतं ते परसदार. वाळत घातलेली गोधडी, फुटकं घमेलं, न्हाणीचं सांडपाणी.

गिरजाबाई पदर खोचून प्रणिताच्या दारात आली.

"काय गो, माझी फाटकी गोधडी जगाला दाखवतेस व्हय?"

"आत्या, गाडीतनं तीच दिसते."

"मग गाडी दुसरीकडनं ने!"

तेवढ्यात शेजारचे दाजी आले. त्यांच्या गोठ्याबाहेर प्रणिताने म्हैस दाखवली होती. ती म्हैस आता राहिली नव्हती. प्रणिता म्हणाली, "दाजी, काढते हां मी म्हैस." दाजी पडद्याजवळ वाकले. म्हणाले, "नको. ऱ्हाऊ दे. उन्हात उभी हाय बिचारी, जरा सावलीत सरकव."

आणि सगळ्यांत शेवटी आली बिल्किस. माझी मालकीण म्हणायला हरकत नाही. तिचा नवरा सईद कुवेतला असतो. तीन वर्षं घरी आला नव्हता. त्याने पैसे पाठवले आणि तिने घराचा पुढचा भाग नव्याने बांधून घेतला. कमानी उभारल्या, चकचकीत फरशी लावली. सईदने तो भाग अजून पाहिला नव्हता. तिकडचं काम संपत आलं होतं, पण मालक म्हणत होता, अजून दोन वर्षं राहा. सईदने बिल्किसला विचारलं, काय करू? बिल्किस म्हणाली, "तुमचं तुमी बघा." तिला म्हणायचं होतं, या. त्याला ऐकायचं होतं, या. पण दोघंही मानी. माणसांची ही रीत मला कळत नाही. मी बंद असतो तेव्हा निदान बंद दिसतो.

"प्रणिता," बिल्किस म्हणाली, "माझं घर फिरव."

"फिरव म्हंजे, चाची?"

"कमानी रुळाकडं कर. एवढा खर्च केला तो काय पिंप दाखवायला?"

प्रणिता कारखान्यात मूर्तीच्या पाठीला एकच हात रंग देते. मखरात पाठ कोणाला दिसत नाही. तिला बिल्किसचं म्हणणं पटलं. तिने नवे फोटो काढले, घर फिरवलं, आणि गिरजाबाईचंही फिरवलं. झालं. जगातली सगळी घरं भूकंपात हलतात, निडीची हौसेने हलली.

माझं तोंड आता वालाच्या शेताकडे झालं. शेत म्हणजे एक हिरवा कागद. तिकडून गाडी जात नाही. बघणारा कोणी नाही. मी उभा होतो. उभं राहणं हे आमचं काम आहे.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, ती बिल्किसला आणि प्रणिताला ठाऊक नव्हती. ग्रुपवरचा तो मार्ग सईदनेही घेतला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. पन्नाशीचा माणूस खेळणं चालवतो म्हटल्यावर निडीने त्याला वर्षभर सोडलं नसतं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो कुवेतच्या खोलीत बसायचा आणि पेणहून गाडी सोडायचा. हात कच्चा. कासूला फलाट सोडून पुढे जायचा. नागोठण्याला अंबा नदीचा पूल आला की पूर चढत असल्यासारखा उगाच वेग वाढवायचा. खेळातल्या अंबेला पूर येत नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि निडी जवळ आली की वेग एकदम कमी. मी दिसलो की हॉर्न. एकच, लांब.

का, ते त्यानेच एकदा खोलीतल्या सोबत्याला सांगितलं. सुट्टीवर घरी जाताना तो गाडीच्या दारात उभा राहायचा. स्टेशनाआधी घराची मागची बाजू दिसायची. बिल्किस मागचा दरवाजा उघडून उभी असायची. तो हात करायचा, ती आत वळून चहाचं आधण ठेवायची. तो घरी पोचेस्तोवर चहा तयार. सोबती म्हणाला, "मग या खेळात दरवाजा बंद का?" सईदने खेळ बंद केला. पुढच्या शुक्रवारी हॉर्न मात्र जरा जास्त लांब दिला.

घर फिरवल्यानंतरच्या शुक्रवारीही तो आला. नवा मार्ग त्याच्याकडे आपोआप उतरला होता. मी शेताकडे तोंड करून ऐकत होतो. नागोठणं गेलं. वेग कमी झाला. गाडी आमच्या घरावरून गेली. हॉर्न नाही.

तो मागे गेला. पुन्हा आला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा गाडी रुळावर मधेच उभी केली आणि फोन लावला.

"बिल्किस, घर कुठं हाय?"

"कुठं म्हंजे? होतं तिथंच हाय. ताप आलाय काय तुमाला?"

"निडी आली, घर नाय आलं. नागोठणं सोडल्यापास्नं बघतोय. एक कमानीवाला बंगला हाय कुणाचा तरी. आपलं घर नाय."

"निडी आली? तुमी... गाडीत हाव?"

"व्हय. घराजवळच उभी हाय गाडी."

फोनवर भांडं पडल्याचा आवाज आला. मग धावण्याचा. मग कडीचा. कडी गंजलेली असावी, दोनदा आपटावी लागली. मी दरवाजा आहे, मला त्या आवाजात चूक होणार नाही. बिल्किसने मागचा दरवाजा उघडला होता. सईद गेल्यापासून ती तो बंदच ठेवायची. उघडा ठेवून वाट कोणाची बघायची?

"कुठं हाव तुमी?" ती ओरडली. "रुळावर कोण नाय. कुठल्या डब्यात हाव?"

सईदने खेळाचा आवाज बंद केला.

"बोला की!"

"कुवेतात," तो म्हणाला. "खेळातल्या गाडीत."

मला वाटलं, आता बिल्किस त्याला सोलणार. तिने तसंच केलं.

"लाज नाय वाटत? दाढी पांढरी झाली नि गाड्या खेळतो? चूल सोडून धावले मी! पाय मुरगळला माझा!"

"बिल्किस, कडी काढलीस तू?"

"मग काय भिंतीतनं बघू?"

"मागची?"

"व्हय," म्हणाली. आवाज लहान झाला. "कमानीवाला बंगला म्हणालात, ते आपलंच घर. मीच फिरवायला लावलं."

"मला ओळखू आलं नाय," सईद म्हणाला. "माझंच घर, नि मी दोनदा पुढं गेलो."

"मग या," बिल्किस म्हणाली. "येऊन बघा कुठं हाय ते."

एवढाच शब्द. या. तीन वर्षं दोघांनी दाताखाली धरून ठेवला होता. सईदने दुसऱ्या दिवशी मालकाला नाही म्हणून सांगितलं.

तो खऱ्या गाडीने आला तेव्हा मी नव्हतो. नंतर तो प्रणिताकडे कॉम्प्युटर घेऊन आला, तेव्हा सगळं ऐकलं. म्हणे दरवाजा सताड उघडा होता. बिल्किस दारातच होती, पण रुळाकडे पाठ करून पातेलं घासत होती. इतकी वर्षं वाट बघायची आणि गाडी आली की पाठ फिरवायची. पातेलं आधीच लख्ख होतं, असं सईद म्हणतो.

"घर परत फिरव," त्याने प्रणिताला सांगितलं.

"नि कमानी?" बिल्किस त्याच्या मागेच उभी होती.

"कमानी शेताकडं ठेव. शेताला बघू दे." प्रणिताने घर फिरवलं. मग तो पडद्यावर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि हा बंद का काढलास?"

"चाचा, मी फोटो काढला तेव्हा बंदच होता."

"गाडीच्या टायमाला तो बंद नसतो."

प्रणिताने बिल्किसकडे बघितलं. बिल्किस पडद्यावरच्या पिंपाकडे बघत होती. प्रणिताने ब्रश घेतला. मूर्तीचा डोळा आखावा तशी माझ्या कडेला एक काळी रेघ ओढली, ती जरा रुंद केली, आणि आत चुलीचा उजेड दिला. ठिपक्याएवढा.

आता मी पुन्हा रुळाकडे तोंड करून आहे. वीतभर उघडा. दाजींची म्हैस सावलीत आहे. गिरजाबाईचं घर अजून उलटंच आहे. तिचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा अजून फोन आलेला नाही.

सईद आता हा खेळ खेळत नाही. त्याला गरज उरली नाही. शुक्रवारचा हॉर्न बंद झाला. मला वाईट वाटतं असं नाही. मी फक्त सांगतो आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी खुर्चीत बसून पेणहून गाडी सोडलीच, तर माझं एवढं ऐका. अंबेच्या पुलावर पाहिजे तेवढं पळवा. पण नागोठणं गेलं की वेग कमी करा. डाव्या हाताला बघा. आणि हॉर्न द्या. एकच, लांब. आत कोणी नाही, मला माहीत आहे. तरी द्या. आधण ठेवायला वेळ लागतो.