आप्पांच्या चपला

सहा वर्षं जपानमध्ये, नागोयात काढल्यावर ऊर्मिलाच्या हाताला तिथली सवय लागली होती. दारातले जोडे दाराकडे तोंड करून लावायचे म्हणजे लावायचेच. २००६ साली ती जर्मनीत र्युसेल्सहाइमला दादाकडे काही दिवस राहायला आली, तरी ती सवय सुटेना. तिथे वडिलांच्या, आप्पांच्या चामडी चपलाही होत्या, गेल्या उन्हाळ्यात राहून गेले तेव्हा विसरलेल्या. पुण्याला पोचून महिन्याभरात आप्पा गेले. दादाला त्या टाकवेनात.

ऊर्मिला रोज सगळ्यांबरोबर त्याही वळवून ठेवायची. सकाळी बाकीचे जोडे जागच्या जागी, आप्पांच्या चपला मात्र घराकडे तोंड करून.

"वहिनी, तू फिरवतेस का गं?"

"छे! आम्ही कुणी हातसुद्धा लावत नाही त्यांना."

चौथ्या दिवशी तिने नाद सोडला. राहायचं असेल त्यांना इथेच, तर राहू देत. तिने कुठे त्यांना जपानला बोलावलं होतं? दर फोनवर ते विचारायचे आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी, आप्पा. घर फार लहान आहे हो."

निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन दाराशी आली. आप्पांच्या चपला तिच्या बुटांना अगदी खेटून होत्या, दाराकडे तोंड करून.