प्स्कोवशी केलेल्या तहाची शपथ

नेझाताला जुन्या रशियातल्या नोव्हगोरोद शहराच्या सभेनं शहरफौजेचा सेनापती निवडलं ते निव्वळ आवाजासाठी, अशी त्याची बायको मिलूशा थट्टा करायची. तो चौकात बोलला की नदीपलीकडे ऐकू जायचं.

नोव्हगोरोदला राजा वारशानं मिळत नसे, शहर त्याला बोलावून आणी. आताच्या राजाला येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच त्यानं सभेची घंटा वाजवायला लावली.

"बर्फ वितळायच्या आत शेजारच्या प्स्कोव शहरावर चालून जायचं," तो म्हणाला. "माझे स्वार तयार आहेत. नेझाता, तुझे भालेकरी काढ."

"नाही काढत, महाराज. प्स्कोवशी तह झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी क्रूसाचं चुंबन घेऊन शपथ वाहिलीय."

"एवढंच ना? धर्मगुरू सोडवतील त्या शपथेतून."

सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्या धर्मगुरू निकांद्रकडे वळल्या. त्याच्या देवळावर राजानंच नुकतं नवं छत घातलं होतं. म्हातारा 'हो' म्हणाला तर निम्मी सभा फुटणार.

निकांद्र काठी टेकत पुढे आला. "लेकरा, मोडलेल्या शपथेचं पाप मी धुऊ शकतो. ती मोडायची मुभा देणं माझ्या हातात नाही. छप्पर हवं तर काढून ने."

सभेत हशा पिकला. राजा लालबुंद झाला. "उद्या पश्चिमेचे जर्मन सरदार फौज घेऊन दारात आले, की मलाच शोधत याल!"

"येऊ की," नेझाता म्हणाला. "पण तेव्हा त्यांच्या वाटेवरचं प्स्कोव आमच्या बाजूनं हवं. बोला मंडळी, महाराजांना काय सांगायचं?"

"वाट मोकळी आहे, निघा!" सारा चौक गरजला.

राजा स्वारांसह निघून गेला आणि त्यानं दक्षिणेकडून येणाऱ्या धान्याच्या गाड्या अडवल्या. पिठात झाडाची साल मिसळायची वेळ आली. कुणीतरी नेझाताच्या दारावर शेण फेकलं. "धुऊन टाक," तो मिलूशाला म्हणाला, "उपाशी माणूस दुसरं काय करणार?" आणि नेहमीसारखा चौकात जाऊन उभा राहिला.

मग एका सकाळी गोठलेल्या नदीवरून घसरगाड्या आल्या. प्स्कोवनं धान्य आणि सुकी मासळी पाठवली होती. हे कळल्यावर राजाचा हट्ट फार टिकला नाही. ईस्टरच्या आधी त्याचा दूत आला, आणि मागोमाग तो स्वतः.

वेशीबाहेर, चिखलात उभं राहून त्यानं निकांद्रच्या हातातल्या क्रूसाचं चुंबन घेतलं: शहराला विचारल्याशिवाय लढाई नाही, धान्य अडवणार नाही.

नेझातानं त्याच्या घोड्याचा लगाम हाती धरला. "चला महाराज," तो म्हणाला, "पूल निसरडा झालाय. माझ्या मागून या."